पात्राचा विकास, इयत्ता सहावी

गूलच्या शाळेत मंगळवारी दुसऱ्या तासाला
मिसेस ऑलरेन्शॉ फळ्यावर तीन रकाने आखतात:
सुरुवातीला पात्र कसं होतं. शेवटी कसं आहे.
पुरावा द्या, पान क्रमांकासह.
(पात्र म्हटलं की मला आधी हिरण्यकेशीचं दिसतं,
उन्हाळ्यातलं, नुसते गोटे.)

मी मदतनीस. पेन्सिलींना टोक करायचं,
आणि मागच्या बाकावरच्या कॅस्परची ओळ सुटली
की ती बोटानं परत आणून द्यायची.

गोष्ट साधी आहे. नदीवर फिरता पूल,
पूल फिरवणारा काका, काकाकडे वाढणारं एक मूल.
काका त्याला बटण म्हणतो. दुसरं नाव पुस्तकभर नाही.
पान नऊवर बटण कठड्याला हातसुद्धा लावत नाही.
पान एकशे चाळीसवर पूर येतो,
काका तापानं फणफणलेला, गाव उंचावर निघून गेलेलं,
आणि बटण सांगतं, दोनच शब्दांत:
मी थांब—

इथं माझं अडतं.
इंग्रजीत ते दोन शब्द कुणाचेही असतात.
रीस म्हणतो, मुलगाच, वंगणाचे हात पँटला पुसतो.
झोफिया म्हणते, मी पण पुसते.
मिसेस ऑलरेन्शॉ म्हणतात, लेखिकेनं मुद्दाम सांगितलेलं नाही,
पुढे चला.

त्यांना पुढे जाता येतं.
मला शाळा सुटल्यावर फोनवर
आजऱ्यातल्या भाचीला ही गोष्ट सांगायची असते,
तिकडे सव्वानऊ, ती अंथरुणात.

दहा दिवस निभावून नेलं.
मी दार उघडलं. मी साखळी ओढली.
मी काकाचे बूट शेगडीपाशी ठेवले.
क्रियापद दाराचं झालं, साखळीचं झालं, बुटांचं झालं,
बटण मधून अलगद निसटलं.
मला भीती वाटली. तिथंसुद्धा वाटली ती भीतीच.
वाटलं, विकास म्हणतात तो हाच असेल:
भित्रं पोर आधी दाराआड, साखळीआड, कर्माआड राहतं
आणि एका रात्री आडोसा संपतो.
थांबण्याला कर्म नसतं.

चौथीत होते. वडिलांची पुण्याला बदली,
हजेरीला उठून म्हणाले, बाई, मी आलो.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत,
नुसतं दुरुस्त केलं: आले. मुली आले म्हणतात.
आमच्याकडे आई आलो म्हणायची, आत्या म्हणायची,
दुधाची किटली उतरवत शेजारची गंगव्वासुद्धा.
त्या दिवसापासून मी आले.
पहिला रकाना, दुसरा रकाना.
पुराव्याला पान नाही.

कॅस्परनं तक्ता पुढे सरकवला.
सुरुवातीला: घाबरतं.
शेवटी: घाबरतं.
पुरावा: पान १४०, ओले मोजे.
मोजे का रे?
तो म्हणाला, बूट अजून शेगडीपाशीच आहेत.
ज्याला पळायचंय तो आधी बूट घालतो.
मिसेस ऑलरेन्शॉंनी त्यावर काही लिहिलं नाही,
तक्ता मात्र दोनदा वाचला.

बसथांब्यावर नदीचा चिखलट वास,
मागे पाण्याच्या दोन टाक्या,
ज्यांना इथली माणसं मीठ-मिरीच्या डब्या म्हणतात.
फोनमध्ये स्वरांगी: मग बटण काय म्हणालं?
दोन्ही रूपं जिभेवर तयार होती.
मी डोळे मिटून आईच्या तोंडानं बोलले:
बटण म्हणालं, मी थांबलो.

उशी खरखरली. कूस वळली असावी.
मी पण थांबलो असतो, ती जांभई देत म्हणाली,
आणि मी दुरुस्त केलं नाही.

बस आली. दार उघडून ड्रायव्हर खोळंबलेला.
आलो, मी म्हणाले.